मिश्रण कोठे संपते आणि संयुग कोठे सुरू होते?

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. आपली मुलगी नागपुरात आठवीत शिकते आणि द्रव्याच्या संघटनाचा धडा वाचल्यापासून तिला काही शंका पडल्या आहेत. लिंबाचे सरबत पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत सारखेच गोड लागते, मग ते मिश्रण कसे? पितळेतले तांबे आणि जस्त निवडून, गाळून किंवा चुंबकाने वेगळे करता येत नाही, मग पितळ हे संयुग का नाही? आणि मोरचूद तापवले की त्यातले पाणी सहज निघून जाते, तर मग मोरचुदाला पाणी आणि दुसरा एखादा क्षार यांचे मिश्रण का म्हणू नये?

शंका उत्तम आहेत. धड्यात मिश्रण आणि संयुग यांच्यातले फरक एका तक्त्यात दिलेले असतात आणि तक्त्यातल्या सर्व ओळी सारख्याच वजनाच्या वाटतात. त्या तशा नाहीत. ‘संयुगातील घटकांचे प्रमाण ठरलेले असते’ आणि ‘संयुगात घटकांचे मूळ गुणधर्म उरत नाहीत’ या दोन ओळींवर सर्व भिस्त आहे. सारखेपणा, वेगळे करण्याची सोपी रीत, तापवल्यावर होणारा बदल, उत्कलनांक या बाकीच्या ओळी केवळ खुणा आहेत. त्या बहुतेक वेळा बरोबर दिशा दाखवतात आणि काही वेळा फसवतात. मुलीच्या तिन्ही शंका नेमक्या या फसव्या खुणांतून निघाल्या आहेत.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे नागपुरातल्या एका खनिज-तपासणी प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे उदाहरणे मी आधी तिथलीच घेतो. रामटेककडे जाताना मनसर आणि कांद्रीच्या परिसरात, तसेच सावनेर तालुक्यातील गुमगावला मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. खाणीतून येणाऱ्या धातुकाचा दर त्यातल्या मँगनीजच्या टक्केवारीवर ठरतो. एखाद्या ढिगात २८ टक्के मँगनीज निघते, शेजारच्या ढिगात ३७ आणि चांगल्या थरातल्या मालात ४६. यांतला कोणताही आकडा पाहून रसायनशास्त्रज्ञाला नवल वाटत नाही, कारण धातुक म्हणजे मँगनीजची खनिजे, गारगोटी, गार्नेट, माती आणि ओलावा यांचे मिश्रण आहे आणि मिश्रणातला आकडा कुठेही थांबू शकतो.

आता त्याच धातुकातून पायरोलुसाइटचा एक शुद्ध स्फटिक निवडून घेतला तर काय दिसेल? पायरोलुसाइट म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. तो स्फटिक गुमगावचा असो, भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गचा असो की परदेशातल्या एखाद्या खाणीतला असो, त्यात वजनाने ६३.२ टक्के मँगनीज आणि ३६.८ टक्के ऑक्सिजन निघतो. प्रयोगशाळेत तयार केलेल्या शुद्ध मँगनीज डायऑक्साइडचाही हाच आकडा येतो. हे प्रमाण कोणी ठरवून घातलेले नाही आणि कोणाला बदलताही येत नाही.

यातून पुढची गोष्ट निघते आणि माझ्या मते मुलीला सांगण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. कमी प्रतीचे धातुक सुधारण्यासाठी ते फोडून पाण्याच्या हेलकाव्यांवर धुतात. गारगोटीची घनता सुमारे २.६५ असते आणि मँगनीजच्या खनिजांची साधारण ४.५ ते ५, त्यामुळे हलकी गारगोटी वर येते आणि जड खनिज खाली बसते. चुंबकाचाही उपयोग करतात. या सर्व भौतिक क्रिया आहेत आणि त्यांनी २८ टक्क्यांचे धातुक बरेच वर नेता येते. परंतु धुणे, चाळणे आणि चुंबक लावणे कितीही वेळा केले तरी पायरोलुसाइटच्या धातुकातला आकडा ६३.२ च्या वर एका दशांशानेही जाणार नाही. (ब्राउनाइट या आपल्याकडे विपुल असलेल्या खनिजातही तो ६३.६ च्या आसपासच थांबतो. प्रत्यक्ष कारखान्यात तर तो याच्या बराच अलीकडे अडकतो, कारण गारगोटीचे बारीक कण खनिजाला चिकटलेले असतात.) तिथपर्यंत आपण मिश्रण वेगळे करत होतो, तिथून पुढे समोर संयुग आहे. आता ऑक्सिजन काढायचा असेल तर विजेच्या भट्टीत कोक घालून धातुक वितळवावे लागते आणि तेव्हा कुठे फेरोमँगनीज हा मँगनीज आणि लोखंडाचा मिश्रधातू मिळतो. पाण्याच्या हेलकाव्यांनी होणारे काम आणि भट्टीने होणारे काम यांच्यामधली रेघ म्हणजेच मिश्रण आणि संयुग यांच्यामधली रेघ.

प्रमाण ठरलेले असते याचा अर्थ दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग होते असा नाही. मँगनीज आणि ऑक्सिजन यांची चार ऑक्साइडे सर्वपरिचित आहेत आणि त्यांत मँगनीजचे प्रमाण ७७.४, ७२.०, ६९.६ आणि ६३.२ टक्के असते. या आकड्यांच्या मधले, समजा ६६ टक्क्यांचे, ऑक्साइड करायला गेलो तर शेवटच्या दोन ऑक्साइडांचे मिश्रण हाती येते. संयुगांचे जग जिन्यासारखे आहे: पाय पायरीवरच ठेवता येतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. मिश्रणांचे जग उतरणीसारखे आहे, तिथे कुठेही उभे राहता येते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचेही असेच आहे. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १६ ग्रॅम, आणि १ ग्रॅमला ११ ग्रॅम असे कोणतेही संयुग नाही.

ही गोष्ट आज आठवीच्या पुस्तकात सहज येते, परंतु तिच्यावरून मोठा वाद झालेला आहे. जोसेफ प्रूस्त हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ त्या काळात स्पेनमध्ये काम करीत होता. १७९९ मध्ये त्याने दाखवले की निसर्गात सापडणारे आणि प्रयोगशाळेत तयार केलेले तांब्याचे कार्बोनेट यांच्यात घटकांचे प्रमाण एकच असते. क्लोद बर्तोले या तितक्याच मोठ्या शास्त्रज्ञाला हे मान्य नव्हते. परिस्थितीप्रमाणे प्रमाण बदलू शकते असे त्याचे म्हणणे होते आणि पुराव्यादाखल तो मिश्रधातू, काच आणि द्रावणे पुढे करीत असे. दोघांचा वाद काही वर्षे चालला. प्रूस्तने चिकाटीने दाखवून दिले की बर्तोले ज्यांना संयुगे म्हणत होता ती बहुतांशी मिश्रणे आहेत. पुढे जॉन डाल्टनने १८०८ मध्ये छापलेल्या अणुसिद्धान्ताने या ठरलेल्या प्रमाणाचे कारण सांगितले: अणू पूर्ण संख्येनेच जोडले जातात, अर्धा अणू कोणाला देता येत नाही. आपल्या मुलीची पितळेविषयीची शंका म्हणजे बर्तोलेचीच शंका आहे, हे तिला अवश्य सांगावे.

आता सरबताकडे वळू. सारखेपणा ही खूण मुलांना फार पटते, कारण ती डोळ्यांना दिसते. धातुकाच्या ढिगात ती नसते आणि त्याचा त्रास आम्हाला रोज होत असे. वॅगनभर मालातून मूठभर नमुना घ्यायचा आणि त्यावरून सर्व मालाचा दर ठरवायचा, तर ती मूठ कुठून उचलली याला फार महत्त्व येते. म्हणून मालाचा शंकूसारखा ढीग करतात, तो सपाट करून त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग टाकून देतात, उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग पाडतात आणि असे करत करत नमुना लहान करतात. पृथक्करणातल्या चुकांपेक्षा नमुना घेण्यातल्या चुका बहुतेक वेळा मोठ्या असतात, हे आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक असते. सरबतात ही अडचण नाही, कारण ते समांगी मिश्रण आहे. कुठलाही थेंब दुसऱ्या थेंबासारखाच. परंतु सारखेपणा एका पेल्यापुरता आहे. शेजारच्या पेल्यात साखर दोन चमचे जास्त घातली तर तेही सरबतच आणि तेही सगळीकडे सारखेच गोड. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते; शून्यापासून ३६ पर्यंत कोणतेही प्रमाण चालते आणि प्रत्येक द्रावण समांगी असते. वरची मर्यादा आहे म्हणून प्रमाण ठरलेले आहे असे होत नाही. संयुगाला ‘थोडे कमी’ आणि ‘थोडे जास्त’ हा प्रकारच नसतो.

संत्र्याचा रस हेही असेच उदाहरण आहे. आंबिया बहाराचे फळ आणि मृग बहाराचे फळ चवीला वेगळे लागते, आणि एकाच झाडावरचे फळ जसजसे पिकते तसतशी त्यातली साखर वाढते व आंबटपणा उतरतो. रसातले प्रमाण असे हलत राहते. त्या रसातल्या सायट्रिक आम्लात मात्र कार्बन ३७.५ टक्केच असतो, फळ कच्चे असो वा पिकलेले, नागपूरचे असो वा काटोलचे.

दुसरा मुद्दा ओळख पुसली जाण्याचा. शाळेत यासाठी लोहकीस आणि गंधक यांचा प्रयोग करतात आणि तो योग्यच आहे, मात्र तो बऱ्याचदा अर्धवट केला जातो. ७ ग्रॅम लोहकीस आणि ४ ग्रॅम गंधकाची पूड एकत्र केली की मिश्रण होते; त्यातले लोखंड चुंबकाला चिकटते, गंधक कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळते आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर लोखंडापासून वास नसलेला हायड्रोजन वायू निघतो. हेच मिश्रण परीक्षानळीत तापवले की एका क्षणी ते लालबुंद होते आणि ज्योत बाजूला केली तरी ती लाली नळीभर पसरत जाते, कारण अभिक्रियेतूनच उष्णता बाहेर पडत असते. उरते ते ११ ग्रॅम आयर्न सल्फाइड. त्यावर आम्ल घातले की सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू विषारी आहे; म्हणून हा भाग शिक्षकांनीच, अगदी थोड्या पदार्थावर आणि हवा खेळती ठेवून करावा, आणि घरी तर हा प्रयोग मुळीच करू नये. लोखंड १० ग्रॅम घेतले आणि गंधक ४ ग्रॅमच ठेवले तर ३ ग्रॅम लोखंड तसेच उरते. संयुगाने आपल्या वाट्याचे तेवढे घेतले, बाकीचे सोडून दिले.

येथे एक सावधगिरीची सूचना. अभिक्रियेनंतरचा काळा गोळा चुंबकाला चिकटत नाही असे पुस्तकात असते, परंतु वर्गात तो पुष्कळदा थोडासा चिकटतो आणि मुले गोंधळतात. कारण साधे आहे: लोखंडाचे काही कण अभिक्रियेवाचून राहिलेले असतात. अशा वेळी ‘प्रयोग फसला’ असे म्हणून नळी फेकून देऊ नये. चुंबकाची चाचणी ही खूण आहे. आम्लाने कोणता वायू दिला ही त्यापेक्षा भक्कम साक्ष आहे.

वेगळे करण्याची रीत ही खूण सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत जास्त फसवते. भौतिक रीतीने वेगळे होते ते मिश्रण, रासायनिक रीतीने होते ते संयुग, हा नियम स्थूलमानाने खरा आहे आणि त्यामागे उर्जेचा मोठा फरक आहे. १८ ग्रॅम पाण्याची वाफ करण्यासाठी उत्कलनांकाला सुमारे ४१ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच १८ ग्रॅम पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचे तर २८६ किलोज्यूल, म्हणजे सुमारे सातपट. वाफ पाणीच असते, थंड केली की पुन्हा पाणी. हायड्रोजन आणि ऑक्सिजन थंड करून पाणी मिळत नाही. परंतु ‘वेगळे करणे अवघड’ आणि ‘संयुग’ यांना समानार्थी धरले की घोटाळा होतो.

याचे उत्तम उदाहरण साखर कारखान्यांच्या आसवनीत रोज दिसते. मळीपासून केलेल्या मद्यार्काचे ऊर्ध्वपातन करत गेले की ९५.६ टक्के इथेनॉल आणि ४.४ टक्के पाणी या वजनी प्रमाणाला गाडी अडते. हे द्रव ७८.२ अंशांना उकळते, शुद्ध इथेनॉलपेक्षा किंचित आधी, आणि वाफेतही तेच प्रमाण असते. पुन्हा ऊर्ध्वपातन करा, पुन्हा तेच. ठरलेले प्रमाण आहे, ठरलेला उत्कलनांक आहे, गाळून-उकळून वेगळेही होत नाही. तक्त्यातल्या ओळी मोजल्या तर हे संयुगच ठरेल! पण दाब बदलला की हे प्रमाण बदलते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री रॉस्को याने एकोणिसाव्या शतकात हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अशाच द्रावणाविषयी हे प्रयोगाने दाखवले. ते नेहमीच्या दाबाला २०.२ टक्क्यांवर अडते आणि १०८.६ अंशांना उकळते, दाब बदलला की दुसऱ्याच टक्केवारीवर अडते. संयुगातले प्रमाण दाबाला भीक घालत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी पाणीरहित इथेनॉल लागते, म्हणून ते उरलेले पाणी आता सूक्ष्म छिद्रांच्या दाण्यांत शोषून घेतात, आणि शोषण ही भौतिक क्रियाच आहे.

मोरचुदाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ते सहज तुटते आणि तरीही संयुग आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचा निळा स्फटिक. त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकाच्या रचनेतच बसलेले असतात. वजनाने हे पाणी ३६.१ टक्के भरते, कोणत्याही दुकानातला शुद्ध स्फटिक घ्या. तापवताना ते पाणी ओल्या कपड्यातल्या ओलाव्याप्रमाणे सलग निघत नाही. चार रेणू साधारण ११० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने जातात आणि पाचवा २०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकून राहतो. तो गेला की निळा रंगही गेलेला असतो आणि पांढरी भुकटी उरते. मोरचुदात ३० टक्के किंवा ४० टक्के पाणी असलेला शुद्ध निळा स्फटिक मिळत नाही. पावसाळ्यात दमट झालेल्या मिठात मात्र आज २ टक्के पाणी असेल, उद्या ५ टक्के.

आमच्या कामात हा भेद पैशांचा होता. धातुकाची पोती किंवा वॅगन पावसात भिजली की वजन वाढते, म्हणून व्यवहार कोरड्या वजनावर होतो. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये नमुना ठेवून जो ओलावा जातो तो वजा करतात, कारण तो मिसळलेला आहे. काही मँगनीज खनिजांच्या रचनेतच पाणी असते. ते या तापमानाला जात नाही आणि ते ओलावा म्हणून वजाही करत नाहीत. पाणी दोन्हीकडे तेच, पण एक बाहेरून आलेले आणि दुसरे घडणीतले.

पितळेचे आता सोपे होईल. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. भांड्यांच्या पितळेत तांबे साधारण ६० ते ७० टक्के आणि बाकी बहुतेक जस्त असते. कारागीर रंग, कठीणपणा आणि किंमत पाहून हे प्रमाण बदलतात आणि प्रत्येक वेळी पितळच मिळते. त्यातले तांबे आणि जस्त निवडून काढता येत नाहीत, कारण दोन्हींचे अणू एकाच घन जाळीत मिसळलेले आहेत. हे घनरूप द्रावण आहे. भट्टी फार तापली तर जस्त, ज्याचा उत्कलनांक ९०७ अंश आहे, वाफ होऊन निघू लागते आणि हवेत त्याचा पांढरा धूर होतो. उरलेल्या पितळेत तांब्याचा वाटा वाढतो. ओतारी म्हणूनच घट भरून काढायला वरून थोडे जस्त घालतात. घटक असा हळूहळू निसटतो आणि पदार्थ तरी पितळच राहतो, हे मिश्रणाचेच लक्षण आहे. जस्ताचे प्रमाण बरेच वाढवले तर पितळेत तांबे व जस्त यांची नियमित रचनाही तयार होते, हेही खरे. पोलादात हा प्रकार आणखी स्पष्ट आहे. पोलाद हे मिश्रण, पण त्याच्या आत आयर्न कार्बाइड हे ६.७ टक्के कार्बनचे संयुग दडलेले असते. मिश्रणाच्या पोटात संयुग असणे मुळीच चमत्कारिक नाही. धातुक, दूध, माती, सरबत सर्वत्र तेच असते.

हवेविषयी आपण विचारले नाही, परंतु तोच प्रश्न परीक्षेत हमखास येतो. हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के, ऑक्सिजन २१ आणि अरगॉन ०.९३ टक्के असतो, आणि हे कोरड्या हवेचे आकडे सर्वत्र जवळजवळ सारखेच येतात, म्हणून काही मुले हवेला संयुग म्हणतात. नागपूरकराला उत्तर घराच्या खिडकीतच सापडते. मे महिन्यात कूलर थंडावा देतो कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडते. जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो कारण हवेत बाष्प आधीच भरलेले असते. घटकाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलले. याहून जुना आणि नेमका पुरावा पाण्यात विरघळलेल्या हवेचा आहे. पाणी उकळून त्यातली हवा गोळा केली तर तिच्यात ऑक्सिजन सुमारे एकतृतीयांश निघतो, २१ टक्के नाही, कारण ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जास्त विरघळतो आणि दोघे आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात. संयुगाचे घटक असे वेगवेगळे विरघळत नाहीत. शिवाय याच दोन मूलद्रव्यांची खरी संयुगे हवेपेक्षा अगदी निराळी आहेत; नायट्रोजन डायऑक्साइड हा तर तपकिरी, घुसमटवणारा वायू आहे.

कोळशाबद्दल एकच वाक्य पुरे: कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांत येणाऱ्या कोळशाचा ओलावा, राख, बाष्पशील द्रव्य आणि स्थिर कार्बन वेळोवेळी तपासावे लागतात, कारण कोळशाला रासायनिक सूत्र नाही. जळाल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ते आहे, आणि त्यात कार्बन २७.३ टक्केच असतो.

द्रवणांकाची खूण उपयोगी आहे, पण तिचाही आधार आंधळेपणाने घेऊ नये. शुद्ध संयुग एका ठरावीक तापमानाला वितळते आणि मिश्रण बहुधा तापमानाच्या पट्ट्यात, हळूहळू. परंतु ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचे डाग देण्याचे मिश्रण नेमके १८३ अंशांना वितळते आणि ते मिश्रणच आहे. उलट दिशेने पाहिले तर आयर्न ऑक्साइड आणि आयर्न सल्फाइड यांच्यासारख्या काही घन संयुगांत लोखंडाचे अणू सूत्रापेक्षा किंचित कमी भरतात आणि हा कमीपणा थोडासा बदलताही असतो. बर्तोलेला तेवढ्यापुरते बरोबर म्हणावे लागते, आणि अशा संयुगांना पुढे त्याच्याच नावावरून ‘बर्तोलाइड’ म्हणू लागले. आठवीच्या उत्तरपत्रिकेत याचा उल्लेख करण्याचे कारण नाही.

उत्तरपत्रिकेत मुलीने उदाहरणाबरोबर आकडा लिहावा, एवढे मी सुचवीन. ‘पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने १ः८ असतात, सरबतात साखर कितीही घालता येते’ असे लिहिले की पाठ केलेल्या चार ओळींपेक्षा ते जास्त सांगते. आणि शाळेत वजनकाटा चांगला असेल तर शिक्षकांना मोरचुदाचा एक प्रयोग घ्यायची विनंती करावी. प्रत्येक गटाने वेगवेगळ्या वजनाचे मोरचूद बारीक करून मुशीत घ्यावे, मंद आचेवर पांढरे होईपर्यंत तापवावे, थंड करून लगेच तोलावे, कारण पांढरी भुकटी हवेतला ओलावा परत ओढते. २.५० ग्रॅमचे १.६० ग्रॅम, ५.०० ग्रॅमचे ३.२० ग्रॅम अशा जवळपासची वजने यायला हवीत. शेजारी दोन गटांना ओलसर मीठ तोलायला आणि वाळवायला द्यावे आणि दोन्हीकडची टक्केवारी फळ्यावर लिहावी. मोरचूद पोटात जाऊ नये म्हणून नंतर हात धुवावेत. आणि ज्या गटाची भुकटी पांढरी न राहता काळपट झाली असेल त्यांनी आच जास्त ठेवली आहे, कॉपर सल्फेटच तुटू लागले आहे, म्हणून त्यांचा आकडा धरू नये.